माणसं जातात, त्याच्या तीन महिने आधी काय घडलेलं असतं?

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजर आहे. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या टीममध्ये १४ जण होते. दहा महिन्यांत ५ जण गेले, त्यातले ३ सर्वांत जुने. एचआरचं म्हणणं, बाजारात पगार जास्त मिळतात. दोघांना पगार वाढवून थांबवलं होतं, त्यातला एक चार महिन्यांनी गेलाच. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये सगळे ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच सांगतात. याच काळात वरून काही निर्णय आले : रिकाम्या जागा सहा महिने भरायच्या नाहीत, पाचही दिवस ऑफिसला यायचं, दर अर्ध्या तासाची टाइमशीट भरायची. सेल्सने एका मोठ्या ग्राहकाला नव्या मोड्यूलची तारीख परस्पर देऊन टाकली आहे. ऑन-कॉलला (रात्री-सुटीला बिघाड झाला तर फोन घ्यायला) आता तिघंच उरलेत. परवा भरतीची परवानगी मिळाली आणि साहेब म्हणतात, ‘पटापट पाच माणसं घे.’ सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगायचं तर माझाही रेझ्युमे मी अपडेट करून ठेवलाय.
(नाव छापू नये.)

उत्तर : भरतीपासून सुरुवात करू नका. परवानगी पुन्हा मागे घेतली जाईल ही धास्ती समजू शकते, पण उरलेल्या ९ जणांपैकी पुढचा कोण जाणार हे कदाचित याच आठवड्यात ठरत असेल, आणि ते ज्या कारणाने ठरतंय त्यावर नवी माणसं हा उतारा नाही. पहिले दोन-तीन महिने तर नव्या माणसांमुळे जुन्यांचं ओझं वाढतंच. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

आधी एक मोठा कागद घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. वरच्या ओळीत पाचही जणांच्या राजीनाम्याच्या तारखा लिहा. शेवटच्या दिवसाची तारीख नको, राजीनामा दिला ती. खालच्या ओळीत वर्षभरातले सगळे निर्णय तारखांसह मांडा : भरती बंद, टाइमशीट, ऑफिसची सक्ती, सेल्सचं आश्वासन, पगारवाढीची पत्रं, कोणाचं प्रमोशन झालं आणि कोणाचं राहिलं. तिसऱ्या ओळीत, जो गेला त्याचं काम कोणाच्या गळ्यात पडलं ते लिहा. आता प्रत्येक राजीनाम्यापासून दोन ते चार महिने मागे जा. रेझ्युमे नीट करणं, मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्या, ऑफर, घासाघीस यांत साधारण एवढा वेळ जातो. म्हणजे जूनमधल्या राजीनाम्याचं मूळ मेमध्ये सापडत नाही, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधावं लागतं. एचआर राजीनाम्याच्या महिन्यात काय झालं ते बघतं, तिथं काहीच सापडत नाही, मग ‘बाजार’ हे उत्तर निघतं.

हा तक्ता भरला की बहुतेक ठिकाणी एक साखळी दिसते. पहिला माणूस खरोखरच स्वतःच्या कारणाने गेलेला असतो. जागा भरायची नाही असं ठरतं. त्याचं काम टीममधल्या सगळ्यांत विश्वासू माणसाकडे जातं, कारण काम सोपवणाऱ्याला तेच सोपं पडतं. तीन महिन्यांनी तो विश्वासू माणूस जातो. आता दोघांचं काम तिसऱ्याकडे. तुमच्याकडे सर्वांत जुने तिघं गेले, हे याच साखळीचं लक्षण वाटतं. आणि जुनी, हुशार माणसंच आधी जातात, कारण बाहेर नोकरी त्यांनाच आधी मिळते. ज्याला मिळत नाही तो थांबतो; त्याला टीमविषयी फार जिव्हाळा आहे असा अर्थ काढू नये.

एक्झिट इंटरव्ह्यूवर विसंबू नका. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र हवं असतं, हिशोब पुरा व्हायला हवा असतो, उद्या कोणी चौकशीला फोन केला तर चांगलं बोललं जावं असं वाटतं. खरं बोलून त्याच्या पदरात काय पडणार? ‘चांगली संधी’ हे सगळ्यांत सुरक्षित उत्तर आहे. त्यापेक्षा गेलेल्यांना तीन-चार महिन्यांनी तुम्ही स्वतः फोन करा आणि ‘का गेलास?’ असं विचारूच नका. विचारा : ‘पहिल्यांदा नोकऱ्या बघायला लागलास तो आठवडा आठवतोय का? तेव्हा काय चाललं होतं?’ कारण विचारलं की माणूस समर्थन देतो, आठवडा विचारला की प्रसंग सांगतो. तो प्रसंग तुमच्या तक्त्यावर कुठे बसतो ते बघा.

उरलेल्या नऊ जणांशीही एकेकट्याने अर्धा तास बोला. ‘तू खूश आहेस ना?’ छापाचे प्रश्न टाळा. तीन प्रश्न पुरेत : गेल्या महिन्यात कोणतं काम वाया गेलं असं वाटलं? रात्री किंवा सुटीच्या दिवशी शेवटचा फोन कधी आला आणि तो खरंच गरजेचा होता का? तुझ्याकडचं कोणतं एक काम उद्या काढून घेतलं तर बरं वाटेल? उत्तरं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि दोन आठवड्यांत प्रत्येकाच्या यादीतली किमान एक गोष्ट हलवा. काहीच हलवता येणार नसेल तर या बैठका घेऊच नका. विचारून काही न करणं हे न विचारण्यापेक्षा महाग पडतं.

जाता जाता जुन्या मेल आणि रेट्रोच्या (काम संपल्यावर टीम काय चुकलं ते बोलते त्या बैठकीच्या) नोंदीही चाळा. कोणती तक्रार तीन-तीनदा आली होती आणि मग एकदम थांबली? तक्रार सुटली म्हणून थांबली असेल तर उत्तम. न सुटता थांबली असेल तर तक्रार करणाऱ्याने आशा सोडली आहे.

या बाबतीत तंत्रज्ञानाच्या इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण ७० वर्षांपूर्वीचं आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ मध्ये नोबेल मिळालेल्या विल्यम शॉकली यांनी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून तरुण, तल्लख शास्त्रज्ञ वेचून आणले. पैसा उद्योजक अर्नोल्ड बेकमन यांच्या कंपनीचा. शॉकली यांची बुद्धी निर्विवाद, पण माणसं हाताळण्याच्या नावाने शंख. संशय इतका की सहकाऱ्यांची लाय डिटेक्टर चाचणी घ्यावी म्हणून ते हटून बसले. त्यातच सिलिकॉन ट्रान्झिस्टरकडचं लक्ष काढून त्यांनी स्वतःच्या आवडत्या चार थरांच्या डायोडवर माणसं आणि वेळ वळवला. तरी ही मंडळी लगेच निघाली नाहीत. ती आधी बेकमन यांच्याकडे गेली आणि म्हणाली, शॉकली यांना सल्लागार ठेवा, कारभार दुसऱ्या कोणाला द्या. बेकमन यांनी आधी मान डोलावली, मग शॉकली यांच्याच बाजूने उभे राहिले. १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी केली. त्यांच्यातल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर या दोघांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. आधी बोलणं, मग वाट पाहणं, मग एकत्र जाणं हा क्रम तुमच्या तक्त्यावरही छोट्या प्रमाणात दिसेल. शेवटचे दोन राजीनामे किती दिवसांच्या अंतराने आले ते एकदा तपासा.

आता तातडीचं काम : ऑन-कॉल. तिघांमध्ये फिरणारी रोटा (पाळ्यांची यादी) म्हणजे प्रत्येकाचे वर्षातले १७ आठवडे फोन उशाशी. एक जण रजेवर गेला की उरलेल्या दोघांना एक आठवडा आड. सहा जण असले तर हेच साधारण ९ आठवड्यांवर येतं, आठ असले तर साडेसहावर. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने (सेवा बंद पडू न देणाऱ्या) जाहीर केलेला दंडक असा आहे की एकाच ठिकाणच्या टीमने प्रायमरी (पहिला फोन घेणारा) आणि सेकंडरी (त्याच्या मागे राहणारा) असे दोघं कायम ठेवायचे तर किमान आठ माणसं हवीत, आणि १२ तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत. कारण एका घटनेचं मूळ शोधणं, दुरुस्ती आणि नंतरची नोंद यांत सरासरी सहा तास जातात. तुमची कंपनी गूगल नाही हे मान्य. पण तीन आणि आठ यांतलं अंतर किती आहे ते साहेबांना दाखवायला हा आकडा कामी येतो.

पहिला इलाज माणसं वाढवण्याचा नाही, फोन कमी करण्याचा आहे. पेजरड्यूटी (बिघाडाचा अलर्ट फोनवर पाठवणारी सेवा) किंवा जे काही वापरत असाल त्यातून गेल्या ९० दिवसांचे सगळे अलर्ट काढा. प्रत्येकापुढे एक खूण करा : रात्रीच उठून काही करावं लागलं, सकाळी केलं असतं तरी चाललं असतं, काहीच न करता आपोआप बरं झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचे अलर्ट त्याच दिवशी रात्रीच्या फोनवरून काढून टाका. दुसऱ्याचं सकाळी तिकीट बनू द्या, तिसऱ्याची मर्यादा बदला किंवा तो बंद करा. नेहमी सापडणारा एक नमुना : ‘डिस्क ८० टक्के भरली’. रोज एक टक्का भरणाऱ्या डिस्कला अजून २० दिवस आहेत, त्यासाठी पहाटे तीनला कोणाला उठवायचं कारण नाही. तीच डिस्क लॉगच्या (सिस्टिमने आपोआप लिहिलेल्या नोंदींच्या) पुरामुळे तासाला पाच टक्के भरत असेल तर मात्र चार तासांत सगळं बंद पडेल. तेव्हा अलर्ट किती भरली यावर न लावता, आत्ताच्या वेगाने किती तासांत भरेल यावर लावा. प्रोमीथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रेडिक्ट-लिनिअर नावाचं फंक्शन तयारच आहे.

मग रोटा सहावर न्या. नऊमधले आणखी तिघं निवडा, प्रत्येकाला दोन पाळ्या जुन्या माणसासोबत फक्त बघायला बसवा, तिसरी पाळी त्याने चालवायची आणि जुन्याने मागे राहायचं. प्रत्येक उरलेल्या अलर्टला एक पान हवं : हा का वाजतो, आधी कोणता डॅशबोर्ड बघायचा, कोणती कमांड सुरक्षित आहे, कोणती नाही, कोणाला उठवायचं. हे पान नसेल तर अलर्ट रात्री वाजणार नाही, असा नियमच करा. पानं भराभर लिहिली जातात. ऑन-कॉलच्या आठवड्यात त्या माणसाकडे फीचरचं काम ठेवू नका. आणि रात्री तासाभरापेक्षा जास्त जागावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायला कोणाची परवानगी लागणार नाही, हे लेखी द्या. पाच दिवस ऑफिसच्या सक्तीतून तुम्ही एवढी एक फट नक्की मिळवू शकाल, कारण ती मागण्यामागे ९० दिवसांची आकडेवारी असेल.

भरतीबंदीविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जागा गोठवणं हा पैशाचा निर्णय असू शकतो आणि कधी कधी तो बरोबरही असतो. चूक झाली ती अशी की माणसं गोठवली आणि कामाची यादी वाढतच राहिली. १४ जणांचं काम ९ जणांवर म्हणजे प्रत्येकावर साधारण ५५ टक्के जास्तीचा भार. वर ‘सगळे शंभर टक्के बिझी हवेत’ हा आग्रह. रांगेच्या गणिताचं सगळ्यांत साधं प्रतिमान घेतलं तर माणूस ८० टक्के गुंतलेला असताना नव्या कामाला स्वतःच्या लांबीच्या सरासरी ४ पट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. टीम आळशी झाल्यासारखी दिसते ती याच टप्प्यावर. प्रत्यक्षात सगळे मान मोडून काम करत असतात आणि कामं मात्र रांगेत पडून असतात. मग वरून रोज स्थिती विचारणारी बैठक सुरू होते, आणि ती बैठकही त्याच माणसांचा वेळ खाते.

म्हणून कामाची यादी कापा. चालू आणि कबूल केलेलं प्रत्येक काम एका ओळीत लिहा : कोणाकडे आहे, कोणी मागितलं, तीन महिने नाही केलं तर नेमकं काय बिघडेल. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते काम तिथंच संपलं. मग हातात किती माणसं आहेत ते खरं मोजा. नऊपैकी एक जण कायम ऑन-कॉलला, उरले आठ. रजा, बैठका, ग्राहकांचे प्रश्न, कोड रिव्ह्यू वजा केले तर प्रत्येकाचा ६० टक्के वेळ नव्या कामाला मिळेल असं धरा; म्हणजे जेमतेम पाच माणसांचं काम. यादी महत्त्वाच्या क्रमाने लावा, पाच माणसांत जेवढं बसतं तिथं आडवी रेघ मारा. साहेबांना सांगा : रेघेच्या वरचं आणि खालचं काम तुम्ही हवं तेव्हा अदलाबदल करा, पण खालचं वर आणायचं तर वरचं एक खाली जाईल. ‘दोन्ही करा’ या उत्तराला ‘कोणतं उशिरा चालेल?’ एवढंच विचारत राहायचं. सुरुवातीला हे अवघड जाईल. पण कोणतं काम मागे ठेवायचं हा निर्णय तुमच्या जुन्या माणसाने रात्री अकराला एकट्याने घेण्यापेक्षा तो साहेबांच्या खोलीत झालेला बरा.

सेल्सने दिलेल्या तारखेचंही तेच. तारीख गेली ती गेली, ती बदलण्यासाठी भांडण्यात आठवडे घालवू नका. सेल्सच्या माणसाला सोबत घेऊन ग्राहकाशी बोला आणि विचारा की त्या दिवशी त्यांच्या माणसांना कोणत्या गोष्टी प्रत्यक्ष वापरायच्या आहेत. सहसा पूर्ण मोड्यूल नको असतं. दोन स्क्रीन आणि एखादा रिपोर्ट हवा असतो, कारण त्यांच्याही आत कोणीतरी कोणालातरी तारीख दिलेली असते. तेवढं आधी, बाकीचं टप्प्याने. पुढच्यासाठी नियम एकच : टीमकडून ‘लवकरात लवकर अमुक, उशिरात उशिरा तमुक’ असा पल्ला आल्याशिवाय कोणतीही तारीख बाहेर जाणार नाही, आणि बाहेर जाईल ती उशिराची.

या कामावर पाच नवी माणसं टाकायचा मोह होईल, किंबहुना साहेबांच्या मनात तेच असणार. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. कारण साधं आहे. नऊ जणांत आपसातल्या जोड्या ३६ होतात, चौदांत ९१. आणि नव्याला शिकवणारा माणूस आकाशातून पडत नाही, तो त्या कामावरचाच जाणता माणूस असतो.

तेव्हा भरती करा, पण दोन-दोनच्या जोडीने. पहिली जोडी स्वतःच्या पायावर उभी राहिली की दुसरी. प्रत्येक नव्यामागे एक जाणता माणूस ठरवा आणि पहिल्या महिन्यात त्याचा साधारण तिसरा हिस्सा वेळ शिकवण्यात जाणार असं धरून त्याचं काम तेवढं आधीच कमी करा. रुजू होण्याआधी लॅपटॉप, सगळी लॉगिन, कोडचा अॅक्सेस तयार हवा. पहिल्या आठवड्यात एखादा अगदी छोटा बदल, मग तो एखाद्या बटणावरचा मजकूर का असेना, त्याच्या हातून लाइव्ह जायला हवा. त्यात नवा माणूस बिल्डपासून रिलीजपर्यंतचा सगळा रस्ता चालतो आणि तुमच्या रस्त्यातले खड्डेही दिसतात. नव्याला ऑन-कॉलला मात्र तीन महिन्यांआधी घालू नका. ‘नवा आहे, त्याला रोटात टाका म्हणजे लवकर शिकेल’ या हुशारीपायी नवा आणि जुना दोघंही जातात.

आणि ऑफर पत्र काढण्याआधी एक काम न चुकता करा. त्याच पदावर, तेवढ्याच अनुभवाच्या तुमच्या सध्याच्या माणसाचा पगार शेजारी ठेवा. नव्याला त्याच्यापेक्षा जास्त द्यावा लागत असेल, तर आधी जुन्याचा पगार दुरुस्त करा, त्याच महिन्यात, त्याने न मागता. पगाराचे आकडे गुप्त राहतात हा भ्रम फक्त एचआरमध्ये शिल्लक आहे. ज्याने ५५ टक्के जास्तीचं काम ओढलं, त्यानेच शिकवायचं आणि शिकणारा त्याच्यापेक्षा जास्त घेतो, हे कळल्यावर तो थांबेल असं धरू नका. एचआरच्या ‘बाजार’ या सिद्धान्तात तथ्य असलंच तर ते इथं आहे.

काउंटर-ऑफरचा, म्हणजे जाणाऱ्याला पगार वाढवून थांबवण्याचा, अनुभव तुम्हाला आलाच आहे. पगार वाढला, पण रोटा तीच, टाइमशीट तीच, सेल्सची तारीख तीच. चार महिन्यांनी वाढीव पगाराचं अप्रूप संपलं आणि निघायचं मूळ कारण जागेवरच होतं. शिवाय बाकीच्यांनी त्यातून काय शिकायचं ते शिकलं : इथं वाढ हवी असेल तर बाहेरचं पत्र आणावं लागतं. यापुढे काउंटर-ऑफर देऊ नका. तोच पैसा वरच्या दुरुस्तीला वापरा.

टाइमशीटबद्दल. अर्ध्या तासाचे दिवसाला १६ रकाने. ते शुक्रवारी संध्याकाळी आठवून आठवून भरले जातात, म्हणजे आकडे कल्पनेतले असतात. त्याहून वाईट म्हणजे जो माणूस दिवसभर इतरांच्या अडचणी सोडवतो त्याच्या रकान्यांत लिहायला काही नसतं आणि तो कागदावर रिकामा दिसतो. १९८२ च्या सुरुवातीला अॅपलमध्ये लिसा संगणकाच्या टीमकडून दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला त्याचा फॉर्म भरून घेत असत. बिल अॅटकिन्सन यांनी त्याच सुमारास ग्राफिक्सचा एक भाग पुन्हा लिहून कितीतरी पट वेगवान केला आणि त्यात कोड कमी झाला. फॉर्मवर त्यांनी लिहिलं : उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. तुम्ही वरच्यांना एकच विचारा, या आकड्यांवरून कोणता निर्णय घेणार आहात? ग्राहकाला बिल लावायचं असेल तर दिवसाचे दोन हिस्से, प्रकल्पाच्या नावासह, पुरेसे आहेत. कोण काम करतो ते बघायचं असेल तर ते या आकड्यांतून दिसणारच नाही, हे नम्रपणे पण लेखी सांगा.

ऑफिसची सक्ती तुमच्या हातून बहुधा रद्द होणार नाही. त्यावर सगळी ताकद लावू नका. दोन गोष्टी मात्र तपासा. ज्यांना घरून काम करायचं सांगून घेतलं होतं त्यांच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय? आणि ज्यांचे सहकारी दुसऱ्या शहरात आहेत ते ऑफिसात येऊन दिवसभर हेडफोन लावून व्हिडिओ कॉलच करतात का? या दोन गटांसाठी सवलत मागणं तर्काला धरून आहे. सरसकट सवलत मागाल तर सरसकट नकार येईल.

साहेबांकडे जाताना एक पान न्या, प्रेझेंटेशन नको. ‘मनोबल’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. एका माणसाच्या जाण्याचा खर्च तुमच्याच आकड्यांनी काढा : जागा किती आठवडे रिकामी राहिली, एजन्सीला किती दिले, मुलाखती घेण्यात तुमच्या माणसांचे किती तास गेले, नवा माणूस निम्म्या वेगाने किती महिने चालला, जुन्याचा किती वेळ शिकवण्यात गेला. पाचांची बेरीज मांडा. शेजारी तक्ता. खाली तीन मागण्या, तारखांसह : या महिनाअखेर रोटा सहावर, पुढच्या सोमवारी कामाच्या यादीवर रेघ, पहिली ऑफर देण्याआधी पगारदुरुस्ती. ज्या निर्णयामुळे नुकसान झालं तो साहेबांचाच असेल तर त्यांना माघार घ्यायला जागा ठेवा. ‘सहा महिन्यांची मुदत संपली, आता आढावा घेऊ’ असं म्हटलं की निर्णय चुकला होता हे कोणालाच म्हणावं लागत नाही.

यातही कोणी राजीनामा देईलच, त्यासाठी तयारी ठेवा. नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात कागदपत्रं लिहून घेण्याची पद्धत निरुपयोगी आहे. पहिल्याच आठवड्यापासून जाणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. ज्याच्याकडे काम जाणार त्याने बदल करायचे आणि जाणाऱ्याने शेजारी बसून सांगायचं. शिवाय त्याच्या वैयक्तिक खात्यावर कोणते शेड्यूल केलेले जॉब (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) चालतात, कोणत्या सर्टिफिकेटच्या आणि डोमेनच्या नूतनीकरणाच्या मेल त्याच्या इनबॉक्समध्ये येतात, कोणत्या पुरवठादाराकडे त्याचाच नंबर आहे, हे आधी शोधा. खातं बंद होतं त्या रात्री जॉब गुपचूप थांबतो आणि ते महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये कळतं.

राहिला तुमचा रेझ्युमे. तो अपडेट असण्यात गैर काही नाही. दोन महिन्यांची मुदत स्वतःला द्या आणि दोनच गोष्टी बघा : रोटा खरंच सहावर गेली का, आणि रेघेखालचं काम वर आणताना साहेबांनी बदल्यात काही खाली ढकललं का. एकदा ‘दोन्ही करा’ झालं तर चालवून घ्या, पुन्हा पुन्हा झालं तर अर्ज पाठवायला लागा. तोवर टीमला ‘सगळं ठीक होईल’ असं सांगू नका. काय मागितलंय, कधीपर्यंत उत्तर येणार आणि नकार आला तर काय, एवढंच सांगा. आणि निघालातच, तर टीममधल्या कोणाला सोबत येण्याविषयी शब्दही काढण्याआधी स्वतःच्या करारात सहकाऱ्यांना फोडण्याबद्दलचं कलम आहे का आणि ते किती महिने लागू राहतं, ते वाचून घ्या.